माझा केराचा आठवडा

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५
स्टुटगार्ट

पहाटे तीनचे दोन वाजले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात. आईचा आठचा फोन कालपर्यंत माझ्याकडे साडेचारला यायचा, आज साडेतीनलाच आला. कऱ्हाडच्या घरी अण्णांनी स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ लावलंय, त्यावर कागदाची पट्टी चिकटवून 'जर्मनी' असं लिहिलंय. ते त्यांनी सकाळी स्टुलावर चढून मागे केलं म्हणे. माझ्या मायक्रोवेव्हचं अजून तसंच आहे.

सकाळी मामेभावाचा मेसेज होता. "दादा, मास्टर्सला जर्मनी बघतोय. तिकडे शिक्षण फुकट ना? खरं सांग, कसं आहे?"

तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं.

फुकट म्हणून मलाही सगळ्यांनी सांगितलं होतं. २०१८ ला आलो तेव्हा कळलं की बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे इथलं राज्य आदल्याच वर्षापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १५०० युरो घ्यायला लागलंय. त्याआधी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ८६४० युरो भरले होते, सात लाखांच्या आसपास. आपलेच पैसे, पण महिन्याला ७२० च सुटायचे. अण्णांनी पीएफ मोडला. मी गोदामात खोकी उचलायचो, आणि सुट्टीच्या दिवशी नाताळबाजारातल्या दिव्यांखाली उभा राहून काढलेला फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचो. "मजा आहे बाबा तुझी," असं मामीने लिहिलं होतं. तिचा मुलगा आज विचारतोय. म्हणजे तो फोटो त्यानेही पाहिला असणार.

खोक्यांचा फोटो मी कधीच टाकला नाही. खोटं काही बोललो नाही, पण बोललोही नाही.

आणि स्वयंपाकघर! पहिलं स्वतःचं घर भाड्याने घेतलं तेव्हा त्या खोलीत भिंतीतून बाहेर आलेले दोन पाइप होते, बस्स. ओटा, सिंक, शेगडी सगळं आधीचा भाडेकरू उचकटून घेऊन गेलेला. इथे बहुतेक घरं अशीच मिळतात. तीन आठवडे मी भांडी न्हाणीघरात घासली. आईला सांगितलं, नवीन किचन बनवून घेतोय. तिला वाटलं चैन चाललीय.

या आठवड्यात दाराला पाटी होती. छोटी लाकडी पाटी, तिच्यावर झाडूचं चित्र. ती ज्याच्या दाराला, त्याने जिना झाडायचा, पुसायचा. मोठी पाळी असेल तर फुटपाथ आणि तळघरही. याला म्हणतात केरवोखं. वोखं म्हणजे आठवडा, आणि केर तर आपलाच वाटतो, जरी इथे त्याचा अर्थ 'झाडणं' असला तरी. श्वाबी, म्हणजे या भागातल्या लोकांची ही पद्धत पंधराव्या शतकापासूनची. नगरपालिकेने सक्ती १९८८ ला काढून टाकली, पण भाडेकराराच्या कागदातून ती गेली नाही, आणि खालच्या आजींच्या डोक्यातून तर मुळीच नाही. पहिल्या वर्षी मी रविवारी दुपारी जिन्यावर व्हॅक्यूम फिरवला होता. संध्याकाळी टपालपेटीत चिठ्ठी, नाव न लिहिलेली, अक्षर मात्र सुंदर. रविवारी आवाज करायचा नसतो.

कऱ्हाडच्या घरात मी कधी केर काढला नव्हता. कारण सरळ आहे, मी मुलगा. ताईला काढावा लागायचा. गुरुवारी भाऊबीजेला व्हिडिओवर तिला पाटी दाखवली तर ती पोट धरून हसली. "एवढं कर्ज काढून शेवटी माझंच काम शिकलास होय!"

मंगळवारी लक्ष्मीपूजन होतं. इथे कामाचा दिवस, घरी यायला सात वाजले. आईने विचारलं, "केरसुणी मांडलीस का रे?" मांडली होती. शिराईची केरसुणी इथे कुठली मिळायला! लांब दांड्याचा लाल प्लास्टिकचा झाडू, आईने दिलेल्या डबीतलं हळदकुंकू त्याच्या दांड्याला लावलं. पूजा झाली की लक्ष्मीला लगेच कामाला लावू नये असं काहीतरी मनात होतं, म्हणून पाळी शनिवारपर्यंत ढकलली. काल त्याच झाडूने तीन मजले झाडले. चेस्टनटची पानं बुटांना चिकटून वरपर्यंत येतात.

खालच्या आजी दारातच उभ्या होत्या. दांड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, हे लाल काय? माझं जर्मन ऑफिसच्या मीटिंगला पुरतं, देवीला पुरत नाही. झाडू, पैसा, देवी, वर्षातून एकदा, असे तुकडे पुढे केले. त्या म्हणाल्या, "आ, ग्ल्युक!" म्हणजे नशीब, भाग्य. मग सांगू लागल्या, लहानपणी धुराडी साफ करणारा माणूस रस्त्यात दिसला की त्याच्या काळ्या कोटाच्या बटणाला हात लावायला त्या धावायच्या, नशीब उजळतं म्हणून. सात वर्षांत त्या माझ्याशी इतकं कधीच बोलल्या नव्हत्या. मग खाली वाकल्या आणि तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यातलं राहिलेलं पान दाखवलं.

टेबलाच्या खणात नागरिकत्वाचा अर्ज आहे. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये, म्हणजे २०२४ च्या, कायदा बदलला. आता आठऐवजी पाच वर्षं पुरतात आणि जर्मनी जुना पासपोर्ट ठेवू देते. भारत ठेवू देत नाही. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "मग मतदानाला येता नाही येणार." सात वर्षांत मी एकदाही मतदानाला गेलेलो नाही, हे त्यांनाही माहीत आहे. अर्ज परत खणात ठेवला. यावर आज लिहवत नाही.

मामेभावाला शेवटी पाटीचा आणि कुंकू लावलेल्या झाडूचा फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं: "हे काय? तिकडे मशीन नाही का याला?"

उद्या त्याला फोन करेन. आधी १५०० युरोंचं सांगायला हवं, मग गोदामाचं. सकाळी निघताना पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची आहे.