कणसातलं बिऱ्हाड

शिकागो नदीच्या काठावर मक्याची दोन कणसं उभी आहेत, प्रत्येकी ६५ मजल्यांची. कागदोपत्री नाव मरीना सिटी. पण अर्धगोल बाल्कन्यांचे ते दाणे पाहिल्यावर कागदोपत्री नाव कुणाला आठवणार? शिकागोकरही कणसंच म्हणतात.

स्टेट स्ट्रीटच्या पुलावर उभं राहिलं की आधी दिसतात त्या मोटारी. खालचे १९ मजले त्यांचेच. बाहेरची भिंत नाही, नुसती गोल गोल चढण, आणि कडेला नाकं बाहेर काढून बसलेल्या गाड्या, फळीवर मांडलेल्या खेळण्यांसारख्या. विसाव्यावर कपडे धुवायची सोय. माणसं त्याच्याही वर.

बर्ट्रांड गोल्डबर्ग या वास्तुरचनाकाराचं काटकोनाशी वाकडं. मध्ये लिफ्टचा खांब, भोवती गोल बोळ, बोळाभोवती सोळा पाकळ्या. लहान बिऱ्हाडाला एक पाकळी, त्याहून मोठ्याला दीड, सगळ्यात मोठ्याला अडीच. आत चिंचोळं सुरू झालेलं घर बाल्कनीकडे जाता जाता रुंद होतं. नकाशावर बघावं तर फूल! पण कपाट कुठे ठेवायचं? कपाटांनी अजून काटकोन सोडलेला नाही. त्यामागे उरलेल्या त्रिकोणात काय काय साठत असेल, हा माझा जुना छळणारा विचार.

गोल्डबर्ग जर्मनीतल्या बाउहाउस या कला आणि वास्तुरचनेच्या शाळेत शिकला तेव्हा तिथला प्रमुख होता मीस व्हॅन डर रोह, सरळ रेषेचा कट्टर उपासक. पुढे त्याच मीसनं आखलेली काळी, चौकोनी कचेऱ्यांची इमारत या कणसांच्या शेजारी येऊन उभी राहिली. शेजार कसा असावा, हे कुणाच्या हातात असतं?

या सगळ्याला पैसा पुरवला तो मात्र इमारतींची झाडलोट नि देखभाल करणाऱ्यांच्या संघटनेनं. माणसं उपनगरांकडे निघाली होती. शहर ओस पडलं तर झाडायचं काय? म्हणून एकाच आवारात घरं, कचेऱ्या, नाट्यगृह, बोलिंग, बर्फावर घसरायची जागा, खाली होड्यांचा धक्का. मनोरे १९६४च्या सुमारास उभे राहिले. शहर वाचवण्याच्या गप्पा पुष्कळांनी मारल्या असतील, पण हा हिशेब मला जास्त खरा वाटतो.

पुलावरून मी मजले मोजत होतो. गाड्या संपल्या, चार-पाच बाल्कन्या वर गेलो, तर एका दाण्यात उंच, सरळसोट लाकडी कपाट. बाहेर काढून ठेवलेलं.