उत्तर नागपुरात, पत्र कुठे? – माझा अनुभव

गांधीजींना साध्या माणसांनी लिहिलेली पत्रं शोधायची तर सुरुवात अहमदाबाद किंवा दिल्लीच्या संग्रहांपासून करू नये, घरातल्या उत्तरापासून करावी. पत्र गेलं ते त्यांच्या दप्तरात, घरी राहिलं ते त्यांच्या उत्तराचं कार्ड. नागपूर-वर्धा पट्ट्यात अशी कार्डं अजूनही ट्रंकेत, देवघराच्या खणात, नाहीतर बैठकीतल्या फ्रेमीत निघतात. त्या कार्डावरून मागे मागे जात मूळ पत्रापर्यंत पोचायचा जो रस्ता मला सापडला, तो इथे मांडतो.

आधी कार्डाची काळजी. नागपुरात कागदाचा मोठा शत्रू उन्हाळा वाटतो, पण खरा घात कूलर करतो. बाहेर 45 अंश कोरडी हवा आणि खोलीत खसाची ओली झुळूक. जुनं कार्ड तासाभरात वाकायला लागतं. मे महिन्यात हे काम सकाळी सात ते दहा, कूलर आणि पंखा बंद ठेवूनच करतो. टाचणी गंजली असेल तर ओढायची नाही, कारण गंज कागदाच्या तंतूंत शिरलेला असतो आणि टाचणीबरोबर कागदाचा तुकडा येतो. टाचणीखाली दोन्ही बाजूंनी पॉलिस्टरची पातळ पट्टी सरकवायची आणि मग टाचणी हळूहळू सैल करायची. सेलोटेप दिसली तर हात लावू नये. आणि झेरॉक्सच्या दुकानातलं लॅमिनेशन तर नकोच, ते काढणं जवळजवळ अशक्य असतं.

फाटलेली कड जोडायची असेल तर जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि सीएमसीची (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) पेस्ट: 100 मिली पाण्यात अडीच ग्रॅम पावडर, रात्रभर भिजवलेली. जुने बाइंडर खळीत मोरचूद (तांब्याचा क्षार) घालायचे, कीड लागू नये म्हणून. कीड लागत नाही हे खरं, पण तांब्याने कागद तपकिरी होऊन ठिसूळ पडतो. पेस्ट लावण्याआधी ओल्या कापसाचं टोक एखाद्या टिंबाला टेकवून बघायचं. जांभळा रंग उतरला तर ती कॉपिंग पेन्सिल, त्या कार्डाजवळ पाणी न्यायचंच नाही.

स्कॅन 600 डीपीआय, रंगीत, दोन्ही बाजू. पोस्टकार्ड 14 बाय 9 सेंटिमीटर, म्हणजे टिफ फाइल एका बाजूची साधारण 21 एमबी. लोक मजकुराचा फोटो काढतात आणि पत्त्याची बाजू सोडतात. माझ्या मते पत्त्याची बाजूच जास्त बोलकी असते, कारण शिक्का तिथे असतो. फ्रेमीतल्या कार्डाची पाठ प्लायला चिकटवलेली असेल तर अर्धं काम तिथेच अडलं समजा. ओढून काढू नये, जाणकार संवर्धकाकडेच न्यावं. शिक्का छापील तिकिटावर पडून दिसेनासा झाला असेल तर स्कॅनमध्ये एकेक रंगाचा चॅनेल वेगळा करून बघावा. हिरव्या तिकिटाला ग्रीन चॅनेल लावला की तिकीट फिकं पडतं आणि काळा शिक्का वर येतो.

आता तारीख. एक कार्ड घेऊ: शिरोभागी ‘सेगाव’, शिक्का वर्ध्याचा, 20 फेब्रुवारी वाचता येतं, सालाचे आकडे पुसलेले, छापील तिकिटावर इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज. गांधीजी सेगावला राहायला गेले 30 एप्रिल 1936 ला. सहाव्या जॉर्जची तिकिटं 1937 च्या उत्तरार्धात आली, म्हणून 1937 चा फेब्रुवारी बाद. 20 फेब्रुवारी 1938 ला ते गुजरातेत, हरिपुरा काँग्रेसमध्ये होते. 1940 मध्ये 17 फेब्रुवारीला शांतिनिकेतनात पोचले आणि पुढचे काही दिवस बंगालमध्येच होते. 1939 मध्ये मात्र राजकोटला निघण्याआधी ते सेगावातच होते. 1940 नंतर गावाचं नावच बदललं, म्हणून बहुतेक 1939. वर्ष असं ठरवायला साधारण एक दुपार लागते आणि पुढचा सगळा शोध त्यावर उभा असतो.

1940 मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं, त्यामागेही डाकच होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी गल्लत होऊन पत्रं तिकडे जायची. त्यामुळे त्या काळातल्या एखाद्या पत्रावर शेगावचा शिक्का आणि चार-सहा दिवसांचा उशीर दिसला तर तारखेवर संशय घेऊ नका. जुन्या सवयीने ‘सेगाव’ लिहिणं मात्र नंतरही चालू राहिलं, तेव्हा एकट्या नावावर विसंबू नये. आणखी दोन चाळण्या: मजकूर गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्या हातचा असेल तर 15 ऑगस्ट 1942 नंतरचं साल अशक्य. आणि 9 ऑगस्ट 1942 ते 6 मे 1944 गांधीजी कैदेत, तेव्हा त्या काळातलं सेवाग्रामचं कार्ड दुसऱ्या कुणाचं तरी.

तारीख पक्की झाली की ‘कलेक्टेड वर्क्स ऑफ महात्मा गांधी’, म्हणजे गांधीजींच्या समग्र लिखाणाचे खंड, उघडायचे. मूळ आवृत्ती 100 खंडांची, 1958 ते 1994. नेटवर फिरते ती बऱ्याचदा नंतरची 98 खंडांची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती. तिचे खंड-क्रमांक मूळाशी जुळत नाहीत आणि चुकांमुळे तिच्यावर बरीच टीका झाली. मी एकदा त्या आवृत्तीतला खंड आणि पान एका संग्रहाला केलेल्या अर्जात लिहून पाठवलं आणि उत्तर आलं, असं पत्र आमच्याकडे नाही. तेव्हापासून मूळ आवृत्तीचे स्कॅन गांधी हेरिटेज पोर्टल या संकेतस्थळावरच बघतो. नावाने सापडलं नाही तर त्या तारखेच्या आसपास ‘ए लेटर’ अशा बिननावाच्या शीर्षकाखाली बघावं, नाव न कळलेल्या माणसाला गेलेली पत्रं तिथे असतात. मराठी आडनावं इंग्रजीत गेली की ढ चा ध आणि ळ चा ल होतो, हेही धरून चालावं.

छापील पत्राच्या शेवटी दोन अक्षरं असतात, ती सोडू नका. एस.एन. म्हणजे साबरमतीचा संग्रह, जी.एन. म्हणजे दिल्लीचं गांधी संग्रहालय, सी.डब्ल्यू. म्हणजे संपादकांनी स्वतः मिळवलेली नक्कल. जी.एन. किंवा सी.डब्ल्यू. असेल तर त्या घरातल्या कुणीतरी पूर्वी कार्ड नकलेसाठी दिलं असावं, ही खूण. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तेवढं एकच विचारावं. पुष्कळदा मूळ पत्राचा कच्चा खर्डा तिथेच निघतो.

खंडांत गांधीजींचं लिखाण आहे, लोकांची पत्रं क्वचित, तीही तळटीपेत. ती हवी असतील तर संग्रहांना अर्ज. अर्जात एवढं द्यावं: उत्तराच्या तारखेआधीचे पंधरा दिवस, पाठवणाऱ्याचं गाव, पत्राची भाषा, विषय एका ओळीत, उत्तराचा स्कॅन. ‘आमच्या आजोबांचं पत्र शोधून द्या’ एवढ्यावर कुणी काही शोधू शकत नाही. आणि पाठीची प्रतिमा मुद्दाम मागावी. गांधीजी आलेल्या पत्रांच्या कोऱ्या बाजू लिहायला वापरायचे, त्यामुळे सूचीत ते पान मसुद्याच्या नावाने चढलेलं असू शकतं.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, म्हणजे त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर, गृह विभागाच्या राजकीय फायली बघाव्यात. सरकारने वाटेत उघडलेल्या पत्रांच्या नकला त्यांत मिळतात. शोध फायलीच्या शीर्षकावर चालतो, माणसाच्या नावावर नाही. म्हणून साल, ‘वर्धा’ आणि इंग्रजी अमदानीतलं जुनं स्पेलिंग टाकून बघायचं.

पत्र हिंदीत असेल आणि वर तिथी असेल तर जपून. नागपुरात हिंदी घरंही पुष्कळ. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यांची ‘चैत्र बदी 5’ म्हणजे आपली फाल्गुन वद्य 5. शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिना एकच. ही गल्लत झाली की पत्र महिनाभर पुढे सरकतं आणि उत्तर आधी, पत्र नंतर, असं हास्यास्पद चित्र तयार होतं.

छापायचं असेल तर गांधीजींच्या हयातीत छापून आलेल्या लिखाणावरचा कॉपीराइट 2008 अखेर संपला. पण पत्र लिहिणाऱ्याच्या मजकुरावर त्याच्या वारसांचा हक्क असू शकतो, त्यांची लेखी संमती घ्यावी.

प्रत्येक जोडीला वहीत एक ओळ: उत्तराचा क्रमांक, तारीख, ती कशावरून ठरवली, मूळ पत्र. पत्र मिळालं नसेल तर शेवटच्या रकान्यात ‘नाही’ लिहीत नाही. कुठे शोधलं, कोणत्या तारखेला आणि कोणत्या स्पेलिंगने, ते लिहितो, पेन्सिलीने.