उकललेला झेंडा

त्या दिवशी आमच्या हातमागाच्या वर्गात विणकाम बंद होतं. काम उलटं होतं: विणलेलं उकलायचं. निमित्त होतं सोन्या क्लार्क या कृष्णवर्णीय अमेरिकन वस्त्रकलावतीचं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून दीडशे वर्षं झाली त्या २०१५ साली तिने न्यूयॉर्कच्या एका कलादालनात, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा उकलायला घेतला. बघायला आलेल्यांनी एकेक करून तिच्या शेजारी उभं राहायचं आणि धागे काढू लागायचे. हे काय असतं ते फोटोवरून कळत नाही, म्हणून प्रत्येक जोडीला मांजरपाटाचा चार इंची चौकोन दिला.

इंचाला ६० उभे, ६० आडवे धागे. म्हणजे चौकोनात ४८०. आधी गरम पाण्यात भिजवून खळ काढली, नाहीतर धागे चिकटून राहतात. काठ कापून टाकले, कारण बाणा, म्हणजे आडवा धागा, काठाशी वळून परत आत शिरतो, तिथे तो सुटत नाही. मग कडेचा धागा सुईने उचलायचा आणि कापडालगत, त्याच्याच रेषेत ओढायचा. वर ओढला की मध्येच तुटतो. अर्धा इंच उकललं की मोकळी झालेली टोकं झालरीसारखी लोंबतात, गुंततात आणि पुढचा धागा धरून ठेवतात. एरवी आपण झालर कापतो. धागे अखंड हवे असतील तर तिथे कात्री चालणार नाही. एकाने झालर बोटांनी विंचरून बाजूला धरायची, दुसऱ्याने धागा काढायचा. शेजारी माणूस कशाला हवा, ते इथे हाताला कळतं.

याच विणीचा तीन बाय पाच फुटी झेंडा धरा. लांबीचे धागे काढायचे तर २१६०, पण प्रत्येक पाच फुटी, घर्षण जास्त, तुटण्याची भीती जास्त. रुंदीचे काढले तर ओढणं सोपं, पण ३६०० वेळा. शिवलेले जोड आधी उसवायचे ते वेगळंच.

एका जोडीचा तुकडा छापील होता. त्याचे सगळे धागे ठिपक्या-ठिपक्यांचे निघाले. क्लार्कच्या पूर्ण उकललेल्या झेंड्याचे लाल, पांढरा, निळा असे तीन स्वच्छ ढीग आहेत; ते रंगीत कापडं जोडून शिवलेल्या झेंड्यातूनच मिळू शकतात. मला तिचं मोठेपण इथे दिसतं. झेंडा जाळला असता तर राख उरली असती. तिच्याकडे पुन्हा विणता येईल असं सूत उरलं, आणि ते काढायला किती जणांचे हात आणि किती वेळ लागतो तेही दिसलं.

२०१९ मध्ये फिलाडेल्फियात तिने पुढचं काम मांडलं. ९ एप्रिल १८६५ला व्हर्जिनिया राज्यातल्या ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेच्या सैन्याने शरणागतीसाठी जे निशाण पुढे केलं, ते भांडी पुसायचं साधं फडकं होतं. आज त्याचा तुकडा स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. क्लार्कने ते दसपट मोठं, १५ बाय ३० फुटांचं विणून घेतलं, शिवाय मूळ मापाच्या शंभर प्रतिकृती केल्या. पाहुण्यांना स्वतः विणता यावं म्हणून मागही ठेवले होते.

त्या फडक्याची वीण खळग्यांची, आपण हनीकोंब म्हणतो ती. मागावर ताण असेपर्यंत ती जवळजवळ सपाट दिसते. कापड उतरवून भिजवलं की विणीत न अडकता वर मोकळे पडलेले लांब धागे आकसतात आणि चौकटी वर येतात. त्यात रुंदी बरीच जाते, म्हणून ताणा, म्हणजे उभे धागे, लावतानाच माप वाढवून धरावं लागतं. उरलेल्या वेळात वर्गाने त्याचाच नमुना मागावर चढवला.