सात माणसं, भाड्याची एसयूव्ही आणि औशाकडची येळवस

यंदाची येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी वेळ अमावस्या, लातूर जिल्ह्यात औशाकडे आईच्या माहेरी करायची, हे दिवाळीतच ठरलं होतं. आई, बाबा, मावशी, आम्ही दोघं आणि दोन मुलं अशी सात माणसं. घरची गाडी पाच जणांची, म्हणून छत्रपती संभाजीनगरहून तीन दिवसांसाठी सात सीटची डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्ही भाड्याने घेतली. सगळ्या प्रवासात गाडी मीच चालवली. मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण बुकिंग करताना एका गाडीचं नाव दिसतं आणि हातात त्याच मापाची दुसरीच येऊ शकते. पुढे जे लिहिलंय ते या मापाच्या बहुतेक गाड्यांना लागू पडेल.

पहिली अडचण घराच्या दारातच आली. आईचे गुडघे दुखतात आणि गाडीचं फूटबोर्ड तिच्या जवळजवळ गुडघ्याइतकं उंच. ती दाराचा दांडा धरून उभी राहिली, एक पाय वर टाकला आणि परत खाली घेतला. शेवटी स्वयंपाकघरातला लाकडी पाट आणून खाली ठेवला, त्यावरून ती चढली. तीन दिवस तो पाट मधल्या सीटखाली होता आणि प्रत्येक थांब्यावर आधी तो उतरायचा, मग आई. घरात वयस्कर माणसं असतील तर गाडी ठरवण्याआधी त्यांना घेऊन जा आणि एकदा चढवून, उतरवून बघा. एकदा बसल्यावर मात्र आईला उंच सीट फार आवडली. पाय सरळ खाली सोडून बसता येतं, कंबर आखडत नाही.

तिसरी रांग मुलांचीच. मोठ्या माणसाने तिथे बसायचं तर गुडघे छातीशी येतात. ती रांग उघडी असली की मागे सामानाला जागा जवळपास उरत नाही, आणि भाड्याच्या गाडीवर कॅरिअर लावू देत नाहीत. चाकांच्या कडक बॅगा घरी ठेवून कापडी पिशव्या घेतल्या, त्या सीटखाली आणि पायांपाशी दाबून बसल्या.

जाताना बीड, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई, लातूर असा रस्ता धरला. बीडपर्यंतच्या चौपदरी रस्त्यावर गाडी इतकी शांत चालते की वेगाचा अंदाजच येत नाही, काट्याकडे सारखं लक्ष ठेवावं लागतं. मांजरसुंब्याच्या घाटात भरलेली गाडी तक्रार न करता चढली. उतरताना मी मॅन्युअल मोडवर टाकून खालचा गिअर धरला. सात माणसांचं वजन निव्वळ ब्रेकवर सोडू नये. अंबाजोगाईत योगेश्वरीच्या दर्शनाला थांबलो. अशा जुन्या गावात एवढी रुंद गाडी देवळाजवळच्या गल्लीत घालू नका, मोठ्या रस्त्यावर लावा आणि चालत किंवा रिक्षाने जा.

अंधार पडायच्या आत पोचायचंच, हा नियम मी घालून घेतला होता आणि तुम्हीही घाला. या दिवसांत लातूर, धाराशिव, बीड सगळीकडे ऊसतोड चालू असते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. समोरून येणाऱ्याचा हेडलाइट डोळ्यांवर असताना ती ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

मामाचं गाव किल्लारीच्या बाजूला. १९९३ च्या भूकंपात जुनं गाव पडलं, नवं गाव वसवताना रस्ते रुंद आणि सरळ आखले गेले. त्यामुळे मामाच्या दारात गाडी एका दमात वळली. आई मात्र खाली उतरून बराच वेळ जुन्या गावाच्या दिशेला बघत उभी होती.

येळवस येते मार्गशीर्षातल्या अमावस्येला. त्या दिवशी अख्खा लातूर जिल्हा शेतात असतो, शहरातली दुकानंसुद्धा बंद असतात. डिझेल आणि वाटेतली खरेदी आदल्या दिवशीच उरका.

शेताकडे जाणारी पाणंद वरून कोरडी दिसत होती. शेजारच्या उसाला पाणी सोडलेलं, ते पाझरून खाली आलं होतं. डावं पुढचं चाक कडेच्या काळ्या मातीत गेलं आणि रुतलं. मी अॅक्सिलरेटर दाबला, चाक जागेवर फिरलं, आणखी खाली गेलं. मामा ओरडला, "पोरी, रेस देऊ नको, अजून खाली बसंल!" बरोबर होतं त्याचं. आमच्या गाडीत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळत होती. दिसायला दणकट असल्या तरी भाड्याच्या बहुतेक एसयूव्हींत ती दोनच चाकांना मिळते, ओल्या काळ्या रानात त्यांचा भरवसा धरू नका. आधी सगळ्यांना उतरवलं. टोचनचा हूक जॅकच्या पिशवीत सापडला, बंपरवरचं छोटं झाकण काढून तो आत पिळून बसवावा लागतो. शेतात पूजेची खोप उभारायला आणलेल्या कडब्यातल्या दोन पेंढ्या मामाने चाकाखाली घातल्या, शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरला दोर बांधला आणि गाडी हळूच वर आली. हूक कुठे आहे, स्टेपनीत हवा आहे का, हे गाडी ताब्यात घेतानाच बघून ठेवा.

मग खोपीतली पूजा, भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे उंडे आणि मडक्यातलं गार आंबील. मुलांनी ज्वारीच्या ओळींत बसून ढाळे, म्हणजे ओला हरभरा, खाल्ले. आई आणि मावशी दुपारभर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून होत्या, त्यांना उठवायला कोणालाच जमेना.

परतताना औसा, तुळजापूर, धाराशिव मार्गे आलो. तुळजापूरपर्यंत रस्ता उत्तम. देवळात पायऱ्या उतरून जावं लागतं, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांसाठी वेळ हातात ठेवा आणि मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा टाळा. पुढे सरमकुंडी फाट्यावर कुंथलगिरीचा पेढा घेतला.

गाडी परत देण्याआधी वॉशिंग सेंटरवर चाकांच्या आतली माती काढून घ्या. काळी माती वाळली की दगडासारखी होते. आमची निघायला तासभर लागला. देताना उजव्या रिमवरच्या एका ओरखड्यावरून प्रश्न निघाला. घेतानाच सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढला होता, त्यात तो ओरखडा स्पष्ट होता, आणि अनामत पूर्ण परत मिळाली. व्हिडिओत चारही रिम, काच, छत, डिझेलचा काटा आणि किलोमीटर यायलाच हवेत. बीदरपर्यंत जायचा बेत असेल तर गाडीला कर्नाटकाची परवानगी आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा.

पाट मात्र घाईत गाडीतच राहिला होता. बाबा परत जाऊन घेऊन आले.