बर्गरच्या खिम्यात काय घालू नये

बर्गर मूळचा गोमांसाच्या खिम्याचा. कर्नाटकात २०२० च्या कायद्याने गाय-बैलांच्या कत्तलीला बंदी आहे आणि म्हशी-रेड्यांनाही वयाची १३ वर्षे पूर्ण होईपर्यंत तेच संरक्षण आहे. त्यामुळे बेळगावात आमच्या घरी बर्गर होतो तो मटणाचा. मांस बदलले तरी कृती बदलण्याचे कारण नाही, हे मात्र आमच्याकडच्या बहुतेकांना पटत नाही. खिमा समोर आला की हात आपोआप आले-लसूण, कोथिंबीर, अंडे आणि भिजवलेल्या पावाकडे जातो. त्यातून जे तयार होते ते रुचकर असते, पण तो कबाब असतो.

बर्गरच्या खिम्यात मांस आणि चरबी याखेरीज काहीही लागत नाही. बोकडाचे मटण फार चरबीचे नसते, म्हणून ४०० ग्रॅम बिनहाडाच्या मटणाला सुमारे १०० ग्रॅम चरबी दुकानदाराकडून वेगळी मागून घ्यावी आणि दोन्ही एकत्र, जाड जाळीतून एकदाच काढून द्यायला सांगावे. दुकानदार सवयीने दोनदा काढू लागतो. त्याला तिथेच थांबवावे. बारीक दळलेल्या खिम्याची पॅटी घट्ट होते.

मिठाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. मीठ खिम्यात मिसळून ठेवले की मांसातील काही प्रथिने विरघळतात, ती एकमेकांना चिकटतात आणि भाजल्यावर पॅटी रबरासारखी चिवट लागते. सॉसेजला हाच गुण हवा असतो, बर्गरला नको असतो. म्हणून खिमा न मळता, हलक्या हाताने चार चपट्या पॅटी वळाव्यात, त्या पावापेक्षा थोड्या रुंद ठेवाव्यात, कारण भाजताना त्या आक्रसतात, आणि मधोमध अंगठ्याने खळगा करावा म्हणजे त्या फुगत नाहीत. मीठ आणि मिरपूड तवा तापल्यावरच, तेही वरून.

तवा बिडाचा असावा आणि चांगला तापलेला असावा. उलथन्याने पॅटी दाबण्याचा मोह होतो; दाबली की चरबी आणि रस तव्यावर उतरतात. ‘आतून गुलाबी’ बर्गरचे कौतुक मला मान्य नाही. अखंड तुकड्यात जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात, खिमा करताना मात्र ते आतपर्यंत मिसळले जातात, म्हणून पॅटीचा मध्यभाग ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे. पुरेशी चरबी असेल तर इतके शिजवूनही ती कोरडी होत नाही.

पाव बेकरीतला साधा, गोडसर नसलेला घ्यावा आणि कापलेली बाजू लोण्यावर भाजावी. वर कच्च्या कांद्याची चकती. मसाल्याची हौस इथे भागवावी: संकेश्वरी मिरची भिजवून लसणाबरोबर वाटावी आणि घट्ट चक्क्यात कालवून पावाला लावावी. ही मिरची चांगलीच तिखट असते, तेव्हा मुलांसाठी चक्का वेगळा काढून ठेवलेला बरा.

वाढण्यात मात्र दिरंगाई चालत नाही. मटणाची चरबी गार होताच थिजते आणि टाळूला चिकटते, त्यामुळे सगळे जमल्यावर एकदम वाढण्यापेक्षा जो हात धुऊन बसला त्याच्या ताटात पहिला बर्गर द्यावा.