आमची वाटचाल: फ्रिजमधला हिवाळा

व्हीनस फ्लायट्रॅप ही पानांच्या सापळ्यात किडे पकडून खाणारी वनस्पती, मूळची अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या ओलसर, निकस जमिनीतली. कोल्हापुरात तिला ऊन भरपूर, पाऊस तर नको इतका. मिळत नाही ती हिवाळ्याच्या झोपेला लागणारी थंडी. त्यामुळे आमच्या नर्सरीत सगळ्यात मोलाचा फ्रिज.

सुरुवात कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) केली आणि तिथेच चुकलो. नीट न धुतलेल्या कोकोपीटमधले क्षार हिची मुळं जाळतात. आता पीट मॉस (दलदलीतलं जुनं, कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) समसमान, कुंडी पाच इंच खोल. खत चिमूटभरही नाही. पाणी पत्र्यावरून साठवलेलं पावसाचं, ते संपलं की आरओचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 50 पीपीएमच्या आत. बोअरच्या पाण्यानं रोप लगेच मरत नाही, हळूहळू खुरटतं. म्हणून दोष पाण्याचा आहे हे उशिरा कळतं.

डिसेंबरात रोपं उपसायची, काळी पानं कापायची, ओल्या स्फॅग्नम मॉसमध्ये (दलदलीतल्या लांब धाग्यांच्या शेवाळात) गुंडाळून झिपच्या पिशवीत, फ्रिजमध्ये 4-5 अंशांवर तीन महिने ठेवायची. मॉस आधी घट्ट पिळायचं, नाहीतर कंद सडतो. दर पंधरवड्याला पिशवी उघडून बुरशी बघायची. ही झोप चुकली तर रोप एखादं वर्ष तग धरतं, मग सापळे बारीक होत जातात.

आमच्याकडचे वाण: 'बी-52' मोठ्या सापळ्यांचा, 'रेड ड्रॅगन' सबंध लाल (पावसाळी ढगांत हिरवट पडतो), 'सॉटूथ' करवती दातांचा (दात म्हणजे सापळ्याच्या कडेचे काटे), 'फ्यूज्ड टूथ' जोडलेल्या दातांचा. बी पेरून यातला एकही जसाच्या तसा येत नाही. बियांच्या रोपाला वाणाचं नाव देऊन विकणं ही सरळ फसवणूक. कंद फोडून वाढवायचं, नाहीतर पान पांढऱ्या बुडासकट खाली ओढून ओल्या मॉसवर टेकवायचं. दीड-दोन महिन्यांत कोंब दिसतो, विकण्याजोगं रोप व्हायला मात्र दोन-तीन वर्षं.

टिश्यू कल्चरमधून (प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेल्या रोपांतून) आलेले वेडेवाकडे दात कधीकधी बाटलीतल्या संप्रेरकांचे असतात; कुंडीत वर्षभरात साधे होतात. म्हणून नवा वाण दोन हंगाम बघितल्याशिवाय आम्ही देत नाही. 'फ्यूज्ड टूथ'चं उलटं: हंगामातले पहिले सापळे साधेच निघतात, दात जुळतात उन्हं तापल्यावर. मार्चमध्ये 'चुकीचं रोप दिलंत' असे फोन येतात ते याचेच.

आणि मटण घालू नका, कोल्हापूर असलं तरी. मिटल्यावर आत वळवळ झाली तरच सापळा पचनाला लागतो. मेलेला तुकडा आत सडतो आणि सापळा काळा पडतो.