सोनबाईच्या सावलीचा रंग

‘मिर्च मसाला’ सिनेमातल्या सोनबाईचं, म्हणजे स्मिता पाटीलचं, पिक्सेल आर्ट (ठिपक्या-ठिपक्यांनी भरलेलं चित्र) करते आहे, तिचा चेहरा अखेर जमला. नोव्हेंबरात हात घातला होता, आता जून उजाडला. मधल्या काळात ६४ बाय ९६ पिक्सेलच्या या एवढ्याशा कॅनव्हासच्या माझ्याकडे २६ फायली साठल्या आहेत. काम अजून संपलेलं नाही, पण जे जमलं ते कसं जमलं हे आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या चित्राला पुन्हा तिथेच अडायला होईल.

स्मिता पाटील आधी माझ्या आईची लाडकी, मग माझी. ‘मिर्च मसाला’ आम्ही दोघींनी टीव्हीवर एकत्र पाहिला. शेवटी हातात विळा घेऊन उभी राहिलेली सोनबाई तेव्हापासून डोळ्यांसमोरून हललेली नाही. हा सिनेमा १९८७ मध्ये प्रदर्शित झाला. ती १३ डिसेंबर १९८६ लाच गेली होती, अवघी ३१ वर्षांची. १७ ऑक्टोबर हा तिचा वाढदिवस. त्या दिवशी हे चित्र फ्रेम करून आईच्या खोलीत लावायचं, असं ठरवून बसले आहे.

हात बसावा म्हणून आधी एक छोटं चित्र केलं. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं आणि पुढे स्मिता तिथे मराठी बातम्या द्यायला लागली. जीन्सवरच साडी नेसून ती बातम्यांना बसायची, हा किस्सा तुम्हाला माहीत असेलच. आपल्याकडे टीव्हीला रंग आला १९८२ मध्ये, म्हणजे लोकांनी बातम्यांमधली स्मिता पाहिली ती कृष्णधवलच. म्हणून टेबलाच्या वरचा सगळा भाग गेम बॉय या जुन्या हातातल्या व्हिडिओ गेमसारखा फक्त चार छटांत ठेवला, सगळ्या करड्या. आणि टेबलाखाली, जिथे कॅमेरा पोचत नव्हता, तिथे निळी जीन्स. अख्ख्या चित्रात रंग तेवढाच. तीन संध्याकाळींत झालं आणि मला ते फार आवडतं.

सोनबाईला रंगात घेतलं तेव्हा मात्र अडले. सावळा वर्ण तयार पॅलेटमध्ये (रंगांच्या ठरलेल्या संचात) सहसा मिळतच नाही. पिको-८ या छोटे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचे १६ रंग पिक्सेल आर्टवाले आपण सगळेच वापरतो. त्यात त्वचेसाठी म्हणून हाताशी येतो तो एक फिक्कट पीच, आणि जो तपकिरी आहे तो विटेच्या अंगाने जाणारा. मी तो पीचच घेतला आणि पायरी-पायरीने गडद करत नेला. चार दिवस मान मोडून काम केलं आणि समोर आली ती आजारी बाई. पीचला काळपट केलं की तो सावळा होत नाही, मळकट होतो. स्मिताचा वर्ण हा तिच्या पडद्यावरच्या असण्याचा अर्धा भाग आहे. गोऱ्या नायिकांच्या काळात ती त्या वर्णासकट उभी राहिली. तोच मळवला तर चित्र काढायचं कशाला? पूर्ण लेअर पुसून टाकला.

चूक कळायला वेळ लागला. मी फक्त उजेड कमी करत होते, ह्यू (रंगचक्रावरची रंगाची जागा) तिथल्या तिथेच होता. उजळ ते गडद अशी रंगांची उतरंड लावताना (रॅम्पला मी उतरंडच म्हणते, मोठ्या मडक्यावर लहान मडकं तशी) दर पायरीला ह्यू सरकवावा लागतो, हे वाचलं होतं, गोऱ्या चेहऱ्यांवर करूनही पाहिलं होतं. पण सावळ्या त्वचेवर तो किती सरकतो याचा अंदाज नव्हता. तो मिळाला भिवापूरला.

आईचं माहेर भिवापूर. उमरेडच्या पुढे, आपल्याच नागपूर जिल्ह्यात, आणि मिरचीसाठी नाव असलेलं गाव. जानेवारीत मावशीकडे गेले तेव्हा ती मला मिरचीच्या सातऱ्यावर घेऊन गेली. ज्यांनी सातरा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: मोकळ्या जागेत वाळलेल्या मिरचीचे ढीग आणि त्यांच्याभोवती रांगेने बसलेल्या बाया. मिरचीचे देठ तोडायचे, तिथल्या भाषेत मुकुट तोडायचे, आणि माल निवडायचा, हे त्यांचं काम. नाकातोंडाला ओढणी नाहीतर दुपट्टा. आत पाय टाकताच मला ठसका लागला आणि डोळ्यांतून धारा. तिथे काम करणाऱ्या एका मावशींनी हात न थांबवता पदर नाकावर घ्यायची खूण केली. “नवी आहे पोरगी,” शेजारणीला म्हणाल्या. मग मला विचारलं, “काय पाहून राहिली बाई?” मी म्हटलं, चित्र काढते, मिरचीचा रंग पाहायचाय. “मंग ढिगाच्या पोटात पाय. वरतून सारीच लाल दिसते.”

मी ढिगाच्या पोटात पाहिलं. वरची मिरची उन्हात चक्क नारिंगीकडे झुकते. बाजू खरी लाल. आणि दोन मिरच्यांच्या मधली फट काळी नाही, पिकलेल्या जांभळाच्या सालीसारखी आहे. मान वर केली तर त्याच मावशींच्या हनुवटीखाली, मानेवर, नेमका तोच रंग. ढिगाचा लाल उजेड खालून त्यांच्या सावळ्या अंगावर चढत होता. गालावर ऊन पडलं होतं तिथे मध, मधे तांबूस तपकिरी, आणि सावलीत जांभळट. माझी अख्खी उतरंड समोर बसून मिरच्या निवडत होती.

घरी येऊन आकडे बसवले, कुणाला उपयोग व्हावा म्हणून देते. ह्यू अंशांत, लाल शून्यावर (३६० म्हणजे पुन्हा लाल); सॅच्युरेशन म्हणजे रंगाची तीव्रता आणि व्हॅल्यू म्हणजे उजेड, दोन्ही टक्क्यांत. सगळ्यात उजळ छटा: ह्यू ३०, सॅच्युरेशन ४६, व्हॅल्यू ८०. मधली: २२, ५८, ६२. सावली: १२, ६२, ४२. आणि सगळ्यात खोल: ३५०, ६०, २६. म्हणजे उजेडातून सावलीत जाताना ह्यू पिवळ्याकडून निघून लालला ओलांडून पलीकडे गेला. मिरचीची उतरंड वेगळी, पण तिचीही शेवटची पायरी हीच ३५० वाली. दोन्ही उतरंडी खालच्या एकाच मडक्यावर उभ्या आहेत. १६ मधला एक रंग वाचला हा हिशोबाचा फायदा झालाच, पण खरा फरक असा पडला की सोनबाई सिनेमातल्या त्या मिरचीच्या कारखान्यात उभी आहे असं वाटायला लागलं. आधी ती मिरचीच्या चित्रावर आणून चिकटवल्यासारखी दिसायची.

एक सांगायला हवं. सिनेमातला कारखाना गुजरातमधल्या गावातला, काळ स्वातंत्र्याच्या आधीचा. भिवापूरहून मी फक्त उजेड आणला. ओढणी, घागरा, मागची भिंत हे सगळं सिनेमा पुन्हा पुन्हा थांबवून पाहिलं.

डोळ्यांनी मार्च आणि एप्रिल खाल्ला. चेहरा जेमतेम २० पिक्सेल रुंद, त्यात एका डोळ्याच्या वाट्याला ४ बाय २. बुबुळाच्या बाजूला शुद्ध पांढरा दिला की ती दचकलेली दिसते. सोनबाई दचकलेली नाही, ती ठाम आहे. पांढऱ्याच्या जागी भिंतीसाठी केलेला निळसर करडा वापरला आणि नजर एकदम खाली बसली. वरच्या पापणीची रेघ बाहेरच्या टोकाला एक पिक्सेल लांबवली. चमक फक्त डाव्या डोळ्यात, एकच ठिपका. दोन्हीकडे दिली की डोळे भरून आल्यासारखे वाटतात. नाकाला रेघ नाहीच, खाली सावलीचे तीन पिक्सेल.

हे चालू असताना आई मागे येऊन उभी राहिली. मी ग्रिड चालू ठेवून ८०० टक्के मोठं करून काम करत होते. “हे तर दोसुतीचं भरतकाम आहे,” म्हणाली. कपाटातून तिने तिचा लग्नाआधीचा टेबलक्लॉथ काढला, फुलीच्या टाक्यांनी भरलेला. त्यावरच्या पोपटाच्या चोचीपाशी दोन लाल आणि मधे एक तपकिरी टाका, कड गुळगुळीत दिसावी म्हणून. आपण हाताने करतो ते अँटी-अलायसिंग तिने सुईने केलं होतं. मग दूर पलंगावर जाऊन बसली, तिथून स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, “ओठ मिटव. ती ओठ मिटून उभी असते.” मी खालच्या ओठाचा उजळ पिक्सेल काढला. आईचं बरोबर होतं.

प्रिंटचं थोडक्यात. सीताबर्डीवरच्या एका दुकानात मूळ फाइल दिली, त्यांनी ती ताणून मोठी केली आणि सगळ्या कडा धुरकट होऊन आल्या. दोन प्रिंट वाया गेल्या. मोठं करायचं काम आपणच घरी करून द्यायचं, निअरेस्ट नेबरवर (ही पद्धत पिक्सेल न मिसळता मोठं करते) आणि पूर्णांकाच्या पटीतच. मी ३० पट केलं, म्हणजे १९२० बाय २८८०. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ते ६.४ बाय ९.६ इंच येतं, ए-४ कागदात आरामात बसतं. फाइल पीएनजीच ठेवा. आणि पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून गेली की तिचा चिखल होतो.

आता उरलंय ते सगळ्यात अवघड. भिंतीवर लावायचं चित्र स्थिर आहे, पण सोबत एक हलतं चित्र करायचंय: सिनेमाच्या शेवटी बाया तिखट उधळतात आणि त्या लाल ढगातून सोनबाई दिसत राहते. सहा फ्रेम केल्या, दर फ्रेमला १२० मिलिसेकंद. पण माझा ढग धुरासारखा वर तरंगतो, तिखट तसं वागत नाही. तिखट फेकलं की आधी मुठीसारखं घट्ट जातं, मग फुटतं, आणि जड कण लगेच खाली बसतात. घट्ट भाग सलग रंगात आणि फुटलेला भाग डिदरिंगमध्ये (दोन रंगांचे ठिपके आलटून-पालटून) करून पाहिला, पण तिसऱ्या फ्रेमवरून चौथीवर जाताना चौकटीची जाळी डोळ्यांत खुपते. तुमच्यापैकी कुणी गुलाल किंवा धूळ हलती केली असेल, तर ढग फुटायच्या जागी किती फ्रेम दिल्या आणि कण कसे विखुरले, ते नक्की सांगा.